तारखेला गैरहजर राहिल्यामुळे दावा काढून टाकला? पहिल्या तीस दिवसांत काय करायचे

वाटपाचा, मनाई हुकमाचा किंवा पैसेवसुलीचा दावा पाच-सहा वर्षे चाललेला असतो. मग एका तारखेला पुकारा होतो आणि वादी हजर नसतो, त्याचे वकीलही नसतात. पट्टेवाला व्हरांड्यात येऊन नावे पुकारतो, दुपारनंतर पुन्हा पुकारतो, आणि शेवटी न्यायाधीश दोन-तीन ओळींचा हुकूम करून दावा काढून टाकतात. जमीन कोणाची, पैसे कोणी बुडवले, कागद खरे की खोटे, यांपैकी कशाचाही विचार त्या दिवशी झालेला नसतो.

हे कळल्यावर काही पक्षकार ‘दावा हरलो’ असे समजून गप्प बसतात. काही जण ‘नवा दावा टाकू’ म्हणून निर्धास्त राहतात. दोन्हींत नुकसान होते. गैरहजेरीत निघालेला दावा पुन्हा मूळ नंबरवर आणता येतो, म्हणजे जुन्याच क्रमांकाने पुन्हा सुरू करून घेता येतो. मात्र त्यासाठी मुदत तीस दिवसांची आहे आणि ती हुकमाच्या तारखेपासून सुरू होते. तुम्हाला ते कधी कळले, याची ती वाट पाहत नाही.

महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या दिवाणी न्यायालयांत ज्यांचा दावा आहे, अशा वादींसाठी हे लिहिले आहे. गोव्यातही १९०८ ची हीच दिवाणी प्रक्रिया संहिता आणि १९६३ चा हाच मुदतीचा कायदा लागू आहे. हे वाचून वकिलाची गरज संपणार नाही, पण वकिलाकडे काय घेऊन जायचे, काय विचारायचे आणि कुठे एक दिवसही दवडायचा नाही, ते समजेल.

पहिली पायरी: रोजनामा वाचा

कोणी फोनवर सांगितलेल्या माहितीवर पुढचा निर्णय घेऊ नका. रोजनामा म्हणजे त्या दाव्यात प्रत्येक तारखेला काय घडले याची न्यायालयाने ठेवलेली नोंद. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर तुमच्या प्रकरणाचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की दाव्याची स्थिती, मागच्या तारखा आणि बहुतेक वेळा त्या दिवसाचे कामकाजही दिसते. तरीही प्रत्यक्ष कोर्टात जाऊन फाईल पाहण्याचा अर्ज द्या आणि शेवटचा हुकूम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. त्याच दिवशी नक्कल विभागात रोजनामा आणि हुकूम यांच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाकून ठेवा.

हुकूम साधारण असा असतो: ‘वादी व त्यांचे वकील वारंवार पुकारूनही गैरहजर. प्रतिवादी क्र. १ वकिलामार्फत हजर. वादीस दावा चालविण्यात स्वारस्य दिसत नाही. सबब दावा काढून टाकण्यात येत आहे.’ यातले दुसरे वाक्य सगळ्यांत मोलाचे आहे. प्रतिवादी त्या दिवशी हजर होता की नव्हता, यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. अनेक हुकमांत नियमाचा आकडा लिहिलेलाच नसतो, नुसते ‘डिसमिस्ड इन डिफॉल्ट’ (गैरहजेरीमुळे काढला) असते. अशा वेळी हजेरीच्या नोंदीवरूनच नियम ओळखावा लागतो. हुकमाची नेमकी तारीख, त्या दिवशी कोण हजर होते, आणि दावा कोणत्या टप्प्यावर होता (समन्स, कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, मुद्दे की पुरावा), एवढे वहीत टिपून घ्या.

दुसरी पायरी: दावा नेमका कशाखाली निघाला ते ठरवा

माझ्या मते पक्षकारांचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते. ‘दावा काढला’ या दोन शब्दांखाली निरनिराळ्या प्रकारचे हुकूम असतात, आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे.

प्रतिवादीला समन्स काढण्यासाठी प्रोसेस फी, म्हणजे भत्ता, भरला नाही आणि त्यामुळे समन्स बजावले गेले नाही, तर दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम २ खाली निघतो. तारखेला दोन्ही बाजूंचे कोणीच आले नाही, तर नियम ३ लागतो. या दोन्ही प्रकारांत नियम ४ वादीला निवड देतो: दावा मूळ नंबरवर घेण्यासाठी अर्ज करा, किंवा मूळ मुदत शिल्लक असेल तर नवा दावा लावा. यातला ‘मुदत शिल्लक असेल तर’ हा भाग फार जण विसरतात. हातउसने पैसे वसूल करण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. मूळ दावाच चार वर्षे चालला असेल, तर नव्या दाव्याची वाट केव्हाच बंद झालेली असते. म्हणून निवड असली तरी अर्जाचाच रस्ता धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

समन्स न बजावता परत आले आणि त्यानंतर सात दिवसांत वादीने नव्या समन्सासाठी अर्ज केला नाही, तर नियम ५ प्रमाणेही दावा निघू शकतो. पूर्वी ही मुदत महिन्याची होती. कागदावर ती आता सात दिवसांची आहे. प्रत्यक्षात न्यायालये थोडी सवलत देतात, पण सवलतीवर विसंबून चालू नये.

आता सर्वांत कडक प्रकार. प्रतिवादी हजर, वादी गैरहजर: हा नियम ८. प्रतिवादीने दावा पूर्णपणे किंवा अंशतः कबूल केला नसेल, तर न्यायालय दावा काढून टाकते. मग नियम ९ म्हणतो की त्याच कारणावर वादीला नवा दावा लावता येणार नाही. एकच मार्ग उरतो, हुकूम रद्द करून दावा मूळ नंबरवर घ्यावा असा अर्ज. ‘नवा दावा टाकू’ म्हणणारे इथेच अडकतात. वाटपाच्या दाव्याचे थोडे वेगळे आहे. कुटुंबाची मिळकत जोवर एकत्र आहे तोवर वाटप मागण्याचे कारण चालूच राहते, असे न्यायालयांनी अनेकदा मानले आहे, त्यामुळे तिथे नवा दावा टिकू शकतो. पण हा आधार वकिलाशी बोलूनच घ्यावा. जुन्या दाव्यात झालेला पुरावा आणि मिळालेला मनाई हुकूम नव्या दाव्यात आपोआप येत नाहीत.

दावा पुराव्याच्या टप्प्यावर असेल, तर आदेश १७ पाहावा लागतो. वादी तहकूब तारखेला आला नाही, तर नियम २ प्रमाणे न्यायालय पुन्हा आदेश ९ कडेच वळते. मात्र गैरहजर पक्षाचा पुरावा बऱ्याच अंशी आधीच नोंदला गेला असेल, तर तो हजर आहे असे समजून न्यायालय पुढे जाऊन गुणदोषांवर निकाल देऊ शकते. असा निकाल झाला असेल, तर तो हुकूमनामा (डिक्री), म्हणजे दाव्याचा अंतिम निर्णय, ठरतो. त्यावर आदेश ९ चा अर्ज चालत नाही, अपील करावे लागते. म्हणून हुकमात मुद्दे आणि त्यांची उत्तरे लिहिलेली दिसली की थांबा आणि वकिलाला विचारा: हे गैरहजेरीत काढणे आहे की निकाल?

कोर्ट फी मुद्रांकाचेही तसेच. मूल्यांकन दुरुस्त करायला किंवा कमी पडलेली कोर्ट फी भरायला न्यायालयाने दिलेली मुदत चुकली, तर आदेश ७ नियम ११ खाली दावाअर्ज नामंजूर होतो. तोही कायद्याने हुकूमनामाच धरला जातो, त्यामुळे अपील. मुदतीत बसत असेल, तर आदेश ७ नियम १३ नव्याने दावाअर्ज दाखल करण्याचीही परवानगी देतो.

तिसरी पायरी: तीस दिवस बरोबर मोजा

मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद १२२ गैरहजेरीत, पाठपुराव्याअभावी किंवा प्रोसेस फी न भरल्याने निघालेल्या दाव्याला लागू होतो. मुदत तीस दिवस, सुरुवात दावा काढल्याच्या तारखेपासून. हुकमाचा दिवस मोजायचा नाही. हुकूम ३ जूनचा असेल, तर ४ जून हा पहिला दिवस आणि ३ जुलै हा शेवटचा. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर कलम ४ प्रमाणे कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल केलेला अर्ज मुदतीतच धरतात. उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुदत संपत असेल तर याचा उपयोग होतो, पण तो फक्त उघडण्याच्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी गेलात तर उशीर झालाच.

आता नीट ध्यानात घेण्याची गोष्ट. अपिलासाठी मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळले जातात. ते कलम १२ मध्ये अपील, पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन यांच्यापुरते सांगितले आहे. दावा मूळ नंबरवर घेण्याच्या अर्जाचा त्यात समावेश नाही. म्हणजे ‘नक्कल यायची आहे’ म्हणून पंधरा दिवस थांबलात, तर ते पंधरा दिवस तुमच्याच तिसांतून जातात. अर्ज त्याच न्यायालयात करायचा आहे, मूळ फाईल तिथेच आहे. नकलेसाठी अर्ज केला आहे एवढे लिहून अर्ज दाखल करा, नक्कल नंतर जोडा.

चौथी पायरी: अर्ज लिहा, आणि कारण नेमके लिहा

महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळे अर्ज मराठीत लिहायला काहीच अडचण नाही. बहुतेक ठिकाणी तो दिवाणी किरकोळ अर्ज म्हणून स्वतंत्र नंबराने नोंदला जातो. म्हणून नवे वकीलपत्र, कोर्ट फी स्टँप, शपथपत्र, कागदांची यादी आणि प्रतिवादींसाठी अर्जाच्या प्रती हे सगळे सोबत लागते.

अर्जात दाव्याचा क्रमांक, पक्षकार, दावा कशाबद्दल आहे, कोणत्या टप्प्यावर होता, कोणत्या तारखेला काढला, हे थोडक्यात सांगा. मूळ वादाची लांबलचक कहाणी इथे नको. न्यायालयाला या अर्जात एवढेच पाहायचे असते की त्या दिवशी हजर न राहण्याला ‘पुरेसे कारण’ होते का. त्या एका गोष्टीवर दोन परिच्छेद खर्च करा.

पुष्कळ अर्जांत असे लिहिलेले दिसते: ‘अर्जदाराची प्रकृती ठीक नसल्याने तो नेमल्या तारखेस हजर राहू शकला नाही. त्यात त्याचा कोणताही हेतू नव्हता.’ यात प्रकृतीला काय झाले, केव्हा, कुठे उपचार घेतले, वकिलांना कळवले का, काहीच नाही. हेच असे लिहिता येईल: ‘दि. २ जून रोजी रात्री अर्जदाराच्या छातीत दुखू लागल्याने त्यास ग्रामीण रुग्णालयात दाखल केले. दि. ५ जून रोजी घरी सोडले. डिस्चार्ज कार्ड यादीसोबत अ. क्र. १ वर दाखल आहे. दि. ३ जून रोजी सकाळी अर्जदाराच्या मुलाने वकिलांना फोन केला. वकील त्या दिवशी जिल्हा न्यायालयात साक्षीच्या कामात होते, त्यामुळे तारीख वाढवून मागण्याचा अर्ज देता आला नाही.’ पहिल्या मजकुराला प्रतिवादी ‘मजकूर खोटा व नाकबूल’ म्हणून एका ओळीत उडवून देतो. दुसऱ्याला उत्तर देताना त्याला विचार करावा लागतो.

दुसऱ्या मजकुरातले शेवटचे वाक्य मुद्दाम आहे. तुम्ही आजारी होता हे मान्य केले तरी न्यायाधीशांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: वकील कुठे होते? पक्षकाराचा वकील हजर असला की बहुतेक तारखांना तेवढे पुरते. म्हणून दोघांच्याही गैरहजेरीचे कारण आले पाहिजे. वकिलांच्या डायरीत तारीख चुकीची लिहिली गेली असेल, तर वकिलांनी स्वतःचे शपथपत्र द्यावे. बरेच वकील ते प्रामाणिकपणे देतात, आणि त्याचे वजन पक्षकाराच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त पडते.

मागच्या तारखांनाही तुम्ही गैरहजर होता, असे प्रतिवादी सांगेल. एकतर्फी हुकूमनाम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटले आहे की ज्या तारखेच्या गैरहजेरीवरून हुकूम झाला त्या तारखेचेच कारण पाहावे, त्याआधीच्या परिस्थितीकडे ते ताणू नये. हा आधार वकिलांना आठवण करून द्या. तरीसुद्धा आधीच्या तीन-चार तारखांना काय झाले, हे स्वतः तपासून ठेवा, कारण रोजनामा न्यायाधीशांच्या समोर उघडाच असतो.

ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचा दाखला आणू नका. प्रतिवादीच्या वकिलांनी उलटतपासणीत ‘केसपेपर कुठे आहे, औषधाची चिठ्ठी कुठे आहे’ असे विचारले की तो दाखला टिकत नाही, आणि खोट्या शपथपत्राचा गुन्हा वेगळाच. खरे कारण साधे असले तरी चालते. एसटीचा संप, पुरामुळे बंद झालेला रस्ता, घरातला मृत्यू, तारीख लिहून घेताना झालेली चूक, अशी कारणे न्यायालये मानतात, फक्त ती तारखेनिशी आणि कागदानिशी यायला हवीत.

शेवटी मागणी स्पष्ट लिहा: अमुक तारखेचा हुकूम रद्द करावा, दावा मूळ नंबरवर घ्यावा, ज्या टप्प्यावर होता तिथून पुढे चालवावा, आणि निशाणी ५ वरील, म्हणजे दावा चालू असेपर्यंतचा, मनाई हुकूम असेल तर तो पूर्ववत लागू असल्याचे हुकमात नमूद करावे.

मुदत उलटून गेली असेल तर

मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. आता दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. एक, त्या तारखेला का आला नाहीत. दुसरी, हुकूम झाल्यापासून आजपर्यंत अर्ज का केला नाही. बरेच अर्ज पहिल्याच गोष्टीवर थांबतात आणि दुसरीवर फेटाळले जातात.

तारखांचा तक्ता करा: हुकूम केव्हा झाला, तुम्हाला केव्हा व कोणाकडून कळले, वकिलांकडे केव्हा गेलात, नकलेचा अर्ज केव्हा, नक्कल केव्हा मिळाली, अर्ज केव्हा तयार झाला. मध्ये मोठी पोकळी असेल, तर तिथे नेमके काय चालले होते ते लिहा. विलंबाचे एकूण दिवस मोजून आकड्यात द्या. ‘थोडा उशीर झाला’ असे लिहिलेले कार्यालय तपासणीतच अडवते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या कातिजी निकालात उदार दृष्टी सांगितली. उशीर करून पक्षकाराला सहसा काही फायदा होत नसतो, आणि तांत्रिक कारणावरून गुणदोषांचा विचारच नाकारणे न्यायाचे नव्हे, हा त्याचा गाभा. वकील हा निकाल प्रत्येक अर्जात लावतात. पण २०१३ मध्ये आणि त्यानंतरही त्याच न्यायालयाने बजावले आहे की उदारपणा म्हणजे कारणाशिवाय माफी नव्हे. निष्काळजीपणा दिसत असेल, तर केवळ दया म्हणून मुदत वाढवता येत नाही. साठ-सत्तर दिवसांचा उशीर नीट समजावून दिला तर सहसा खर्च लावून माफ होतो. तीन-चार वर्षांच्या उशिराला मात्र फार भक्कम कारण लागते.

जुन्या प्रकरणात कोरोनाचा काळ येत असेल, तर १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीतून वगळलेला आहे. दिवस मोजताना तो विसरू नका.

चूक वकिलाची असेल तर

१९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाकडच्या पक्षकाराची बाजू समजून घेतली. वकील नेमला, फी दिली, सांगितले ते सगळे केले, मग वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा त्याला का, असा त्याचा रोख आहे. आजही त्याचा आधार मिळतो. मात्र सगळा दोष वकिलावर ढकलून मोकळे होण्याची सवय न्यायालयांना आता चालत नाही. २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने पक्षकाराने स्वतः जागरूक राहायला हवे, असे स्पष्ट म्हटले. म्हणून तुम्ही वकिलांना केलेले फोन, पाठवलेले मेसेज, फीच्या पावत्या जपून ठेवा. ‘मी विचारत होतो’ हे त्यांवरून दिसते.

वकील बदलायचा असेल, तर आधीच्या वकिलांची ना-हरकत घेणे ही रीत आहे. फी बाकी आहे म्हणून वकिलांना तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते, पण ते काम दावा मूळ नंबरवर आल्यावर करा. तीस दिवसांत तुमची सगळी ताकद अर्जावर लागली पाहिजे. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि मर्यादित उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

अर्ज दाखल झाल्यावर

नियम ९ च्या अर्जात समोरच्याला नोटीस दिल्याशिवाय हुकूम होत नाही. म्हणजे पुन्हा प्रोसेस फी, पुन्हा पत्ते, पुन्हा बेलिफ (नोटीस बजावणारा कोर्टाचा कर्मचारी). नोटिशीचा भत्ता त्याच आठवड्यात भरा, कारण हा अर्जसुद्धा त्याच कारणाने निघू शकतो, आणि मग दुसऱ्या खेपेला कारण सांगणे फार जड जाते.

प्रतिवादी म्हणणे देतो. वाद असेल तर दोन्ही बाजू शपथेवर पुरावा देतात, उलटतपासणी होते. पुष्कळदा प्रतिवादीच खर्चाच्या अटीवर तयार होतो. अर्ज मंजूर करताना न्यायालय खर्च लावते. रक्कम किती आणि केव्हापर्यंत भरायची, हे हुकमात वाचा. ती अट असेल आणि दिलेल्या दिवसात पैसे भरले नाहीत, तर मिळालेला हुकूम हातातून जातो. पैसे कोर्टात भरलेत तर पावती, समोरच्या वकिलांना दिलेत तर पोच घेऊन पुरसीस (तसे न्यायालयाला कळवणारे छोटे लेखी निवेदन) दाखल करा.

दावा निघाला की मनाई हुकूमही उरत नाही. या मधल्या काळात समोरचा जमिनीवर बांधकाम सुरू करू शकतो किंवा खरेदीखत करून देऊ शकतो. अशी भीती असेल, तर मूळ नंबरवर घेण्याच्या अर्जातच तातडीचा ‘जैसे थे’चा अर्ज द्या, थांबू नका. दावा पुन्हा सुरू झाला की आधीचे अंतरिम हुकूम, उलट काही लिहिलेले नसेल तर, सहसा पुन्हा जिवंत होतात, असे २००४ च्या वरीद जेकब निकालात बहुमताने ठरले आहे. तरीही ते हुकमात लिहून घेतलेले बरे. तलाठ्याला किंवा पोलिसांना दाखवायला तुमच्याकडे कागद हवा.

अर्ज नामंजूर झाला तर

नियम ९ चा अर्ज फेटाळला, तर आदेश ४३ नियम १ च्या खंड (क) प्रमाणे अपील आहे. जिल्हा न्यायालयात जायचे असेल तर तीस दिवस, उच्च न्यायालयात जायचे असेल तर नव्वद. कुठे जायचे ते दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते. इथे मात्र नकलेचे दिवस वगळले जातात. नियम ४ खालचा अर्ज फेटाळला तर असे अपील दिलेले नाही, वरिष्ठ न्यायालयात जाण्याचा वेगळा मार्ग वकिलांशी बोलून निवडावा लागतो. रोजनाम्यातली प्रतिवादीच्या हजेरीची नोंद इतकी महत्त्वाची का, हे इथे पुन्हा दिसते.

पक्षकार वारला असेल तर

जमिनीच्या दाव्यांत हा प्रसंग हमखास येतो, आणि त्याला आदेश ९ लागत नाही. वादी किंवा प्रतिवादी वारल्यास त्याचे वारस नव्वद दिवसांत रेकॉर्डवर घ्यावे लागतात. घेतले नाहीत, तर त्या पक्षापुरता दावा कोणताही हुकूम न होताच संपुष्टात येतो. पुढे साठ दिवसांत हा परिणाम रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो, त्यानंतर विलंब माफीसह. समोरचा वारल्याचे तुम्हाला माहीतच नव्हते, असे होऊ शकते. वारलेल्या पक्षकाराच्या वकिलांनी ते न्यायालयाला कळवावे, असे आदेश २२ नियम १०-अ सांगतो. त्यांनी कळवले नसेल, तर तुमच्या विलंब माफीच्या अर्जात ते ठळकपणे मांडा.

आणि तुम्ही प्रतिवादी असाल तर

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत, कारणे सांगून नव्वद दिवसांपर्यंत कैफियत द्यायची असते. साध्या दाव्यात त्यानंतरही क्वचित परवानगी मिळते. व्यापारी न्यायालयातल्या दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर ती वाट पूर्ण बंद होते. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर आदेश ९ नियम १३ खाली तीस दिवसांत अर्ज करावा. समन्स योग्य रीतीने बजावलेच नसेल, तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

पुढची तारीख चुकू नये म्हणून

ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तुमचे प्रकरण ‘माय केसेस’मध्ये जतन करा आणि आठवड्यातून एकदा तारीख तपासा. कुटुंबाचा दावा असेल तर सीएनआर क्रमांक घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. विशेषतः गावाबाहेर नोकरी करणारा भाऊ वादी असेल आणि जमीन कसणारा दुसरा असेल, तर तारखेला कोणी जायचे ते आधीच ठरवा. गैरहजेरीचे कितीतरी हुकूम ‘मला वाटले तू जाशील’ या गैरसमजातून झालेले असतात. न्यायाधीश रजेवर असले की शिरस्तेदार पुढची तारीख देतात. ती कोर्टातल्या फलकावर किंवा ॲपवर बघितल्याशिवाय घरी जाऊ नका.

आणि तारखेच्या दिवशी वकील पोहोचले नाहीत, असे दिसले तर बाहेर झाडाखाली फोन लावत बसू नका. दालनात जा, पुकारा झाला की उभे राहून ‘वादी हजर आहे’ असे सांगा. वकील कुठे आहेत ते सांगून मुदतीचा, म्हणजे तारीख वाढवून मागण्याचा, अर्ज स्वतःच्या हाताने लिहून द्या. कागदावर दाव्याचा क्रमांक, तारीख, कारण आणि तुमची सही एवढे पुरते. खर्च लावला तर त्याच दिवशी भरा. निघण्यापूर्वी रोजनाम्यात तुमची हजेरी लिहिली गेली आहे का, ते लिपिकाकडून पाहून घ्या.